पट्टी खाली घेऊ, गाणं सोडणार नाही

नाशिक शहरात दिवाळी पहाट, कोजागरी, पाडवा आणि गणेशोत्सवात गाण्याचे कार्यक्रम भरवणारी मंडळं, सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्या आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पेटीवाला आहे. छत्तीस वर्षं या शहरात साथ करतो. पंचवटीतल्या भजनी मंडळात हात बसला, मग भावगीतांचे कार्यक्रम मिळू लागले, आणि आता नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तर पेटी हेच काम आहे. गंगापूर रोडच्या सोसायट्या असोत, सिडकोतले मांडव असोत की नाशिकरोडची मंडळं, तुमच्यापैकी अनेकांच्या स्टेजवर मी बसलो आहे. पहाटे साडेचारला तुम्ही स्वतः सतरंज्या टाकताना आणि गोदेवरून येणाऱ्या गार वाऱ्यात कलाकारांसाठी चहाचा थर्मास घेऊन धावताना पाहिलं आहे. तुमच्याबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

गेल्या कोजागरीची गोष्ट. ज्या ताईंना मी तीसहून अधिक वर्षं साथ करतो त्यांचं वय अडुसष्ट. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी तशी परवानगी दिलेली नाही. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी आम्ही बारा गाण्यांची यादी पाठवली. दोन दिवसांनी ताईंना फोन आला, मी शेजारीच बसलो होतो. बोलणारे गृहस्थ सज्जन, अतिशय अदबीनं बोलले. म्हणाले, ताई, नऊ नंबरची लावणी राहू द्या, समोर नातवंडं बसलेली असतात, तुमच्या वयाला अभंग फार शोभतो. आणि तीन नंबरचं द्वंद्वगीत छानच आहे, पण त्यात बाईचा आवाज आपण एखाद्या तरुण मुलीला देऊ या का? सर आहेतच पुरुष आवाजाला.

ते सर सहासष्ट वर्षांचे आहेत.

ताई चिडल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. त्या लगेच ‘बरं’ म्हणाल्या. असं काही ऐकायची सवय झालेल्या माणसाचं ते ‘बरं’ होतं. कोजागरीला दोन अभंग वाढवले, त्यांनी ते सुरेखच गायले, टाळ्याही झाल्या. द्वंद्वगीत पंचवीस वर्षांच्या एका गुणी मुलीनं सरांबरोबर गायलं. मुलीचं काही चुकलं नाही, सरांचंही नाही, मी स्वतः त्या गाण्याला पेटी वाजवली. चंद्र वर आला, दूध वाटलं गेलं, लोक खुशीत घरी गेले. पण वाजवता वाजवता माझी नजर पुन्हा पुन्हा स्टेजच्या कडेला जात होती. तिथे ताई खुर्चीवर बसून त्याच गाण्याचा ठेका मांडीवर धरत होत्या.

ते गाणं होतं ‘शुक्रतारा मंद वारा’. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, मूळ आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. अरुण दाते १९३४ सालचे. हे गाणं ते तरुणपणी गायले आणि पुढे कित्येक दशकं महाराष्ट्रभर गात राहिले. केस पांढरे झाल्यावरही त्यांनी ते गायलं आणि लोकांनी ते तितक्याच प्रेमानं ऐकलं. मात्र त्यांच्यासोबत ते गाणाऱ्या गायिका अनेक झाल्या. त्यात कोणाचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र कसं पक्कं बसलं आहे ते यातून कळतं. पुरुषाचा आवाज पिकला तरी तो प्रियकर राहू शकतो. बाईचा आवाज पिकला की ती आजी होते.

आता नऊ नंबरच्या लावणीबद्दल. ‘सोळावं वरीस धोक्याचं’. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ चित्रपटातली. जगदीश खेबुडकरांनी लिहिली तेव्हा ते तिशीत होते. गाणाऱ्या सुलोचना चव्हाण १९३३ च्या, म्हणजे त्याही तिशी ओलांडलेल्या, संसारी बाई. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्या माईकसमोर उभ्या राहत आणि हातवारे न करता नुसत्या गळ्यानं सगळा फड उभा करत. तिशीतल्या पुरुषानं लिहिलेलं, तिशीतल्या बाईनं गायलेलं हे सोळाव्या वर्षाचं गाणं आहे. ते वय तेव्हाही दोघांच्या मागेच होतं, आणि मागे होतं म्हणूनच त्यातला धोका त्यांना सांगता आला. सोळाव्या वर्षी कोणाला तो धोका दिसतो? मग एकतीस वर्षांच्या बाईनं मागे वळून पाहिलं तर चालतं आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईनं पाहिलं तर शोभत नाही, ही रेघ आपण नेमकी कुठे आणि कोणाच्या सांगण्यावरून ओढली?

लावणी तर मुळातच अशी आहे. उत्तर पेशवाईतले शाहीर पुरुष होते आणि लिहीत होते बाईच्या तोंडून. आपल्याच जिल्ह्यातला, सिन्नरजवळच्या बावी गावचा परशराम शिंपीकाम करायचा आणि कवनं रचायचा. बैठकीची लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकर १९१५ च्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या, आणि १०२ वर्षं जगल्या. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते. पायातलं नाचणं सरलं तरी अदा डोळ्यात, मानेत आणि हाताच्या बोटांत राहते. ती वयानं उणी होत नाही. या कलेतली जाणती माणसं तर म्हणतात, की अदा कळायलाच अर्धं आयुष्य जातं.

आणि आपल्याच जुन्या रंगभूमीकडे पाहा. बालगंधर्व १८८८ चे. १९१६ साली ‘स्वयंवरा’त रुक्मिणी झाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचं काम केलं, आणि पन्नाशी उलटल्यावरही ते पुन्हा शालू नेसून रंगमंचावर उभे राहत. अंग सुटलं होतं, चेहऱ्यावर वय आलं होतं. तरी लग्नाच्या वयाच्या राजकन्येचं गाणं ते गात आणि महाराष्ट्र डोळे मिटून ऐकत होता. आपल्या आजोबा-पणजोबांना ते जमलं. आपल्यालाच का जमू नये?

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. ख्यालाच्या कितीतरी बंदिशींत एक नवी सून बोलत असते. सासू जागी आहे, नणंद टपलेली आहे, पैंजण वाजतात, आता पियाकडे जाऊ कशी? हे गाणारे बुवा सत्तरीचे, भरघोस मिशांचे, खांद्यावर शाल. ठुमरीत तर विरहिणीशिवाय दुसरं कोणी भेटतच नाही, आणि गिरिजादेवी ऐंशी ओलांडल्यावरही ठुमरी-कजरी गात होत्या. तिथे आपण माना डोलावतो. मग तोच भाव मराठीत, कळणाऱ्या शब्दांत आला की आपण संकोचतो असं तर नाही ना? हिंदी-ब्रजचे शब्द अर्धे कळतात म्हणून ते आदरणीय वाटतात, आणि आपल्या भाषेतला ‘सखे’ थेट काळजाला भिडतो म्हणून तो वयाच्या फूटपट्टीनं मोजायचा?

तरी याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला दर पौषात घराच्या दारातून दिसतं. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरकडे निघालेल्या दिंड्या शहरातून जातात. थंडीनं अंग काकडलेलं, कानाला मफलर, दाढी पांढरी, पायात फाटकी चप्पल, आणि ओठावर गवळण. कृष्ण वाट अडवतो, घागर फोडतो, मी आता घरी काय सांगू, असं म्हणणारा तो शेतकरी पंच्याहत्तरीचा असतो. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी त्याला पाठ असतात. त्या रचणारा एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाला. एकविशीच्या आतल्या मुलाचे शब्द, बोलणारी त्याहून कोवळी विरहिणी, आणि गाणारा पणजोबा. रस्त्याच्या कडेला उभं राहून आपण त्याला हात जोडतो. देवाचं गाणं म्हणून जोडतो हे मला मान्य आहे. पण त्या गाण्यातली तळमळ ही प्रेमातली तळमळच आहे, आणि ती त्याच्या तोंडी खोटी वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, वय झाल्यावर माणूस भक्तीकडे वळतो हेही खरंच ना? आहे. इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला आले, रामनामात रमले, इथे आश्रम काढला. पण ते त्यांच्या आतून आलेलं होतं. आमच्या ताईही अभंग मनापासून गातात, उद्या त्यांनी फक्त अभंगच गायचं ठरवलं तर मी आनंदानं वाजवीन. ठरवायचं मात्र त्यांनी. यादीतल्या नऊ नंबरवर काट मारून दुसऱ्या कोणी त्यांना भक्तीकडे वळवू नये.

लता मंगेशकर १९२९ च्या. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला तेव्हा सहासष्ट वर्षांच्या, आणि पडद्यावरची काजोल एकवीसची. तुमच्यापैकी कितीजणांनी तेव्हा चित्रपटगृहात मान खाली घातली? कोणीच नाही, कारण आवाजच ऐकू येत होता, गाणारी दिसत नव्हती. म्हणजे आपली अडचण आवाजाची नाहीच. पांढरे केस, सुरकुतलेला गळा आणि त्या गळ्यातून निघणारा शृंगार एकाच वेळी पाहायला आपलं मन तयार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दुबईच्या स्टेजवर आशा भोसले एक्क्याण्णव्या वर्षी त्याच वर्षीचं एक नवंकोरं हिंदी गाणं गायल्या, त्यातली नाचाची एक लकबही त्यांनी करून दाखवली. तो तुकडा तुम्ही-आम्ही मोबाईलवर एकमेकांना कौतुकानं पाठवला. जे आशाताईंना शोभलं ते आपल्या गल्लीतल्या ताईंना का शोभू नये?

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे पत्र खरं होणार नाही.

वयानं गळा बदलतो. स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, दोन्ही कडा पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते, त्यामुळे आवाजात फुंकर येते. छातीचा भाता लहान होतो, दम पुरत नाही. सूर धरून ठेवला की कंप रुंद आणि संथ होतो. पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज खाली उतरतो. पुरुषांचा म्हातारपणी पातळ होऊन थोडा वर सरकतो. हे सगळं माझ्या बोटांखालून गेलं आहे. ताईंची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पस्तिशीत काळी पाच होती, पन्नाशीत काळी चार झाली, आता आम्ही पांढरी चार धरतो. म्हणजे पेटीवर पाच घरं खाली.

आणि कार्यक्रम वाईटही होतात. मी ऐकले आहेत. पण त्यातले बहुतेक वयामुळे फसलेले नव्हते, मूळ ध्वनिमुद्रिकेची नक्कल करण्याच्या हट्टापायी फसलेले होते. मोबाईलवर ट्रॅक लावायचा, त्याची पट्टी मूळ गायिकेची, लय तीच, जागा त्याच, आणि अंतऱ्यात वरच्या पंचमाला पोचायचं म्हणून मानेच्या शिरा ताणायच्या. तेव्हा ऐकणाऱ्यालाच धाप लागते, समोरची माणसं खाली बघू लागतात, आणि म्हणतात, आता वय झालं, थांबायला हवं. खरं तर थांबवायला हवा तो ट्रॅक. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, श्वास घ्यायला जागा देत नाही. जिवंत साथ देते. ताईंचा दम कुठे संपतो ते मला त्यांच्या खांद्यावरून कळतं. तिथे मी दोन सूर भरून ठेवतो, तबलजी एक आवर्तन वाढवतो, आणि त्या सावकाश सम गाठतात.

कोजागरीनंतर पंधरा दिवसांनी ताईंच्या घरी आम्ही चार-पाच जण बसलो होतो. ढोलकीवाला आला होता, तो तिशीचा पोरगा. ताई म्हणाल्या, वाजव रे. पांढरी चार. लयही नेहमीपेक्षा उतरवलेली. मला वाटलं, लावणी इतकी संथ म्हणजे मरणार. पण त्यांनी वरच्या जागा सोडूनच दिल्या. जिथे चाल वर उसळते तिथे त्या खालच्या षड्जावर थांबल्या आणि ‘धोक्याचं’ हा शब्द जवळजवळ बोलल्या, शेजारच्या मुलीला कानात सांगावा तसा. दुसऱ्यांदा तोच शब्द आला तेव्हा त्यात हसू होतं. तिसऱ्यांदा हसू गेलं आणि दुसरंच काहीतरी आलं. त्याला नाव देण्याचा प्रयत्न मी करणार नाही. ढोलकीवाल्यानं हात आपोआप हलका केला, थाप सोडून नुसता बोटांनी वाजवू लागला. मूळ लावणीत एका बाजूला नखरा आहे आणि एका बाजूला इशारा. तरुण गळ्यात नखरा पुढे येतो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा इशारा ऐकू आला. छत्तीस वर्षं ही चाल वाजवतो आहे, आणि ती अशी असू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या श्रोत्यांना त्या कोजागरीला हे ऐकायला मिळालं असतं. माझी तक्रार एवढीच आहे.

नातवंडांची काळजी करू नका. नातवंडांच्या मोबाईलमध्ये काय वाजतं ते तुम्हालाही माहीत आहे. आजीनं कधीकाळी कोणाची तरी वाट पाहिली होती, तिचाही जीव कोणावर तरी जडला होता, हे मुलांना कळलं तर त्यांचं काही बिघडत नाही. आणि समोर पहिल्या तीन रांगांत कोण बसतं? साठी-सत्तरीचे लोकच. पहाटे पाचला स्वेटर घालून तेच येतात. ही गाणी त्यांच्या तारुण्याची आहेत. ती गाणी त्यांच्याच वयाच्या गळ्यातून ऐकायला त्यांना लाज वाटते, असं त्यांना विचारून कोणी ठरवलं आहे का? मी विचारलं आहे. कार्यक्रम संपल्यावर पेटी आवरताना लोक जवळ येतात, बोलतात. एक बाई, सत्तरीच्या, मला म्हणाल्या होत्या, तरुण मुली छान गातात हो, पण आमच्यासारखं कोणी गात नाही.

मागणं फार नाही. यादी गायकाला ठरवू द्या, आणि बदल सुचवायचाच असेल तर तो गाण्याच्या बाजूनं सुचवा, वयाच्या नव्हे. द्वंद्वगीतात एकाचं वय चालत असेल तर दुसऱ्याचंही चालू द्या. पहाटेच्या कार्यक्रमात ज्येष्ठ गायकांना पहिलं गाणं देऊ नका. साडेपाचला कोणाचाच गळा उघडलेला नसतो, साठीनंतर तर त्याला तास-दीड तास लागतो. सन्मान म्हणून त्यांना सुरुवातीला उभं करता ते मी समजू शकतो, पण त्यांना सूर्य वर आल्यावर गाऊ द्या. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा, कोमट पाणी, बसून गायची सोय, आणि स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक स्पीकर त्यांच्या बाजूला. निवेदकाला सांगा की ‘या वयातही’ हे दोन शब्द टाळा. ताई ते ऐकतात तेव्हा पेटीवर ठेवलेला त्यांचा हात जरा आखडतो, मी जवळून पाहिलं आहे.

येत्या दिवाळी पहाटेसाठी तुमच्यापैकी दोघांनी आम्हाला विचारलं आहे. यादी सोबत पाठवतो आहे. तीन नंबरला द्वंद्वगीत आहे, ताई आणि सर, दोघंही. नऊ नंबरला लावणी आहे. पट्टी पांढरी चार, लय मध्यमाच्याही खाली, ढोलकी त्या सुरात पहाटे पुन्हा लावून घ्यायला सांगा. पहाटेच्या दवात तिचा सूर उतरतो.

आपला,
एक पेटीवादक
पंचवटी, नाशिक